दमलेल्या रात्री पोकर: कॅश टेबल, छोटी टूर्नामेंट की नुसते पत्ते वाटायचे?

झोपेचं खोबरं झालेलं आणि शनिवारी रात्री इंदूरात सुदामानगरला मित्राकडे पोकर ठरलेला. जायचंच असेल, तर काय खेळायचं ते आधी ठरवा. पैसे लावून ऑनलाइन खेळणं 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदच झालंय. घरीही चिप्स नुसत्या चिप्सच राहू द्या.

कॅश पद्धतीत (चिप्स संपल्या की पुन्हा घ्यायच्या, ठरलेला शेवट नाही) कधीही उठता येतं, हा तिचा मोठा गुण. पण दमलेला माणूस उठत नाही, 'एक शेवटचा' म्हणत पुन्हा चिप्स घेतो. शिवाय 100 बिग ब्लाइंड (डावाआधी एकाला लावाव्याच लागणाऱ्या चिप्स, हेच मोजायचं माप) समोर असले की फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा), रिव्हर (पाचवा), प्रत्येक ठिकाणी हिशेब लागतो आणि तोच आधी बिघडतो. समजा, टर्नवर तुमचे बदामाचे चार पत्ते झालेत, पाचवा आला तर फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) 600, समोरच्याने 300 लावले. तुमचे धरून 1200 होणाऱ्या पॉटसाठी 300 द्यायचे, म्हणजे निदान 25 टक्के संधी हवी. न दिसलेल्या 46 पत्त्यांत बदाम 9, म्हणजे जेमतेम 20 टक्के. एरवी हा सरळ फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे. पेंगुळलेल्या डोक्यात मात्र फ्लॉपवरचा 35 टक्क्यांचा आकडा घोळत असतो, जो दोन पत्ते यायचे असतानाचा आहे, आणि कॉल होतो, म्हणजे 300 भरले जातात.

म्हणून आमचा कौल छोट्या टूर्नामेंटला. आठ जण, प्रत्येकी 50 बिग ब्लाइंड, दर 10 मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट, पुन्हा चिप्स नाहीत. 50 मिनिटांनंतर टेबलावर सगळ्यांचे मिळून साडेबाराच बिग ब्लाइंड उरतात, त्यामुळे तासाभरात निकाल लागतोच. स्टॅक (तुमच्या समोरच्या चिप्स) 10 बिग ब्लाइंडच्या खाली गेला की ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड, एवढाच विचार. तोटा एकच: मधेच उठलात तर तुमच्या चिप्स ब्लाइंडमध्ये झिजत जातात. ब्लाइंडची पातळी 20 मिनिटांची ठेवणाऱ्या घरी मात्र हा पर्याय घेऊ नका, रात्र हातची जाते.

पत्ते वाटणं सोपं वाटतं, पण पॉट मोजणं, फ्लॉपआधी गड्डीतला वरचा एक पत्ता बाजूला टाकणं विसरलात की सगळ्यांचा डाव बिघडतो. थोड्याशा थकव्यापुरतंच ठीक.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भरपेट खाणं डाव संपल्यावर. रात्री 11 ची कॉफीही नको. तिच्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं. सलग दोन डावांत फ्लॉपआधी कोणी रेझ केलं (चिप्स वाढवून लावल्या) ते आठवलं नाही, तर तिथेच उठा आणि डोळे मिटत असतील तर स्कूटर तिथेच ठेवून रिक्षा करा.