सुटं ईएमएस की आत बसवलेलं? आरव्हीच्या विजेचा आणि कुलपाचा हिशेब

आरव्हीला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीला किंवा ट्रेलरला, विजेचं संरक्षण हवंच, हे एकदा ठरलं की खरा प्रश्न पुढे येतो. पेडेस्टलच्या (कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला वीज देणाऱ्या खांबाच्या) सॉकेटमध्ये बाहेरून खोचायचं सुटं ईएमएस, म्हणजे वीज तपासून गडबड दिसली की पुरवठा तोडणारं यंत्र, घ्यावं, की केबल ट्रेलरमध्ये शिरते तिथे आतून वायरिंग करून कायमचं बसवावं? आम्ही टेक्सासमध्ये ३० अँपचा ट्रेलर घेऊन फिरतो. आधी सुटं वापरलं, आता आत बसवलेलं आहे. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नुसता सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज उतरल्यावर पुरवठा न तोडणारा, मी या तुलनेत धरलेलाच नाही. तो शंभर डॉलरच्या आत मिळतो म्हणून बरेच जण घेतात. पण कॅम्पग्राउंडवर मोठा सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक उसळणारा झटका, क्वचित येतो आणि कमी व्होल्टेज मात्र उन्हाळाभर असतं. शेतावरची मोटर कमी व्होल्टेजने जळलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एसीच्या कॉम्प्रेसरचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. ४ जुलैची सुट्टी, एकही जागा रिकामी नाही, दुपारचे चार वाजलेले आणि प्रत्येकाचा एसी सुरू. अशा वेळी १२० व्होल्टचे ११० होतात आणि पुढे १०५ वर येतात. दिवे तसेच लागलेले दिसतात, पंखाही फिरत असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर मात्र जास्त करंट ओढत तापत राहतो. ईएमएस १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की पुरवठा तोडतं आणि परत जोडण्याआधी दोनेक मिनिटं थांबतं, म्हणजे कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला वेळ मिळतो.

५० अँपवाल्यांना तर याची गरज आमच्याहून जास्त. तिथे दोन फेज येतात आणि न्यूट्रल तुटला की १२० व्होल्टच्या उपकरणांवर २४० पर्यंत व्होल्टेज जाऊ शकतं. न्यूट्रल गेल्यावर अख्ख्या गल्लीतले टीव्ही कसे जातात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना गावाकडून माहीत आहे. इथे एका ट्रेलरपुरतं तेच होतं.

या कामात सुटं आणि आत बसवलेलं यांत मला तरी काही फरक जाणवला नाही. उलटी पोलॅरिटी, अर्थिंग नसणं, व्होल्टेज कमी-जास्त, फ्रिक्वेन्सी, सगळं दोघंही तपासतात. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज, ह्यूज, सर्ज गार्ड अशा नावाजलेल्या कंपन्यांची दोन्ही प्रकारची यंत्रं मिळतात आणि किमतीतही फार अंतर नाही. ३० अँपचं साधारण तीनशे डॉलरच्या आसपास. तेव्हा ज्यूल (सर्ज झेलण्याची क्षमता) किती आणि वॉरंटी किती याचे तक्ते मी इथे देत नाही.

सुट्याचे गुण आधी सांगतो, कारण ते खरोखर आहेत. पेटीतून काढलं, ब्रेकर बंद करून सॉकेटमध्ये खोचलं, ब्रेकर चालू केला, की ट्रेलर जोडण्याआधी पेडेस्टलचा निकाल समोर येतो. हिच, म्हणजे गाडी-ट्रेलरची जोडणी, सोडलेली नाही, लेव्हलिंग केलेलं नाही, तोवर जागा बदलून मागता येते. मोठा सर्ज आलाच तर तो बाहेर, पेडेस्टलपाशीच अडतो. ट्रेलर विकला तर यंत्र आपल्याकडेच राहतं. टेक्निशियन लागत नाही. पहिल्या वर्षी एवढ्यावरच आमचं समाधान होतं.

मग सुरू झाला कुलपाचा त्रास.

सुटं ईएमएस म्हणजे कुणालाही दिसेल अशा ठिकाणी, रस्त्याच्या कडेला, रात्रभर लटकत असलेले तीनशे डॉलर. ते काढायला हत्यार लागत नाही. ब्रेकर खाली करायचा आणि ओढायचं. म्हणून त्याला कुलूप आलं. कुलपासाठी ब्रॅकेट असतो, त्यातून वायररोप ओवायचा आणि पेडेस्टलच्या खांबाला गुंडाळायचा. खांब असेल तर. काही ठिकाणी खांबाऐवजी जमिनीतून वर आलेली चौकोनी पेटीच असते, रोप गुंडाळायला तिला काही नाही. पेटीच्या झाकणाला कुलूप लावावं तर एका पेटीत दोन जागांचे ब्रेकर. शेजाऱ्याचा ब्रेकर आपल्या कुलपाआड गेला तर त्याने रात्री काय करायचं? कॅम्पग्राउंडचे लोकही झाकणाला कुलूप लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे; आग लागली तर ब्रेकरपर्यंत हात पोचायला हवा.

हे सगळं पोचल्यावर एकदा आणि निघताना एकदा. गॅल्व्हस्टनला समुद्रकाठी राहिलो तेव्हा खाऱ्या हवेने कुलूप इतकं आवळलं होतं की सकाळी तेल सोडून पंधरा मिनिटं बसावं लागलं. वायररोप तर साध्या कटरने तुटतो हे मलाही कळत होतं, आणि तरी तो ओवल्याशिवाय झोप येत नव्हती. शिवाय रोपाचा आणि यंत्राचा भार सॉकेटवर येतो. कॅम्पग्राउंडची ३० अँपची सॉकेटं हजारो वेळा प्लग घालून-काढून आधीच ढिली झालेली असतात. भाराने प्लग जरासा जरी तिरका झाला तर संपर्क अर्धवट राहतो, तापतो आणि पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडायला लागतं. मी यंत्राखाली लाकडी ठोकळा ठेवत असे. तो ठोकळा सामानात जपणं हे आणखी एक काम.

पण खरी काळजी पैशांची नव्हतीच. आमच्याबरोबर कुत्रा असतो. पॅलो ड्युरो कॅन्यनमध्ये दुपारी उन्हाचा तडाखा असा असतो की कुत्र्याला पायवाटेवर नेणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ, म्हणून तो ट्रेलरमध्ये एसीत राहतो. कुणी ईएमएस उपटून नेलं तर चोरी फक्त ईएमएसची होत नाही. त्याच क्षणी एसी बंद पडतो, आणि बंद पत्र्याच्या खोलीत किती वेळात काय होऊ शकतं हे मी इथे लिहू इच्छित नाही. दरीत उतरताना माझं अर्धं लक्ष त्या सॉकेटकडे असायचं. सुट्या ईएमएसच्या विरोधात माझं जे काही आहे ते एवढंच, आणि मला तेवढं पुरलं.

दिवसा वापरायचं आणि रात्री काढून सामानाच्या कप्प्यात ठेवायचं, असाही सल्ला मिळतो. मग रात्रभर संरक्षण नाही. आणि कप्प्याचं म्हणाल तर आपल्या कप्प्याची चावी हातात घेऊन तिच्यावरचा क्रमांक वाचा. बहुतेक तो सीएच ७५१ असेल. वेगवेगळ्या कंपन्यांचे असंख्य ट्रेलर याच एका चावीने उघडतात. शेजारच्या जागेवरच्या काकांना विचारून मी आमची चावी त्यांच्या कप्प्याला लावली. दोघांचे ट्रेलर वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या वर्षांचे. चावी फिरली आणि कप्पा उघडला. त्या आठवड्यात आम्ही दोघांनीही नळीच्या चावीची कॅम लॉक्स मागवली. एक स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास, एवढंच ते काम आहे. ईएमएस कोणतंही घ्या, हे आधी करा.

आता आत बसवलेलं. तक्रारी याच्याही आहेत. जागा लागते, आणि छोट्या ट्रेलरमध्ये केबलच्या तोंडामागे ती सहज मिळत नाही. आमचं शेवटी पलंगाखाली गेलं. मजुरीचा खर्च वेगळा. जनरेटर आणि ट्रान्स्फर स्विच (पेडेस्टलची की जनरेटरची वीज घ्यायची ते बदलणारा) असेल तर ईएमएस स्विचच्या आधी घालायचं की नंतर, हे टेक्निशियनशी आधी बोलून घ्यावं लागतं. नंतर घातलं तर जनरेटरचीही वीज तपासली जाते, पण होंडा ईयू २२००आय सारख्या, न्यूट्रल फ्रेमला न जोडलेल्या जनरेटरवर ते अर्थिंग नाही असं म्हणत पुरवठा अडवतं आणि मग न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारा बाँडिंग प्लग लावावा लागतो. सुट्या ईएमएसमधून जनरेटर चालवला तरी हेच होतं. रस्त्याच्या हादऱ्यांनी आतल्या टर्मिनलचे स्क्रू सैल होतात, ते वर्षातून एकदा मुख्य प्लग काढून आवळून घेणं आलं. आणि मोठा सर्ज आलाच तर तो झेलणारं यंत्र तुमच्या पलंगाखाली असतं. हा विचार ज्यांना खटकतो त्यांचं मी चूक म्हणणार नाही.

पण पोचल्यावर फक्त केबल लावायची. हिच न सोडता केबल लावून पेडेस्टल तसंच तपासता येतं, आणि त्या तपासणीत आपली केबलही येते, जी सुट्या ईएमएसच्या पुढे असल्यामुळे तिथे वगळली जायची. आमच्यात छोटा डिस्प्ले ओट्याशेजारी लावलाय. पोहे परतता परतता व्होल्टेज दिसतं. ११० च्या खाली आकडा गेला की हिटर किंवा मायक्रोवेव्ह बंद करायचा आणि एसी वाचवायचा. सुट्या यंत्रांत आता ब्लूटूथवाली आहेत, त्यांना हे फोनवर दिसतं, म्हणून हा मुद्दा पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही हे मान्य.

चोरीचा प्रश्न इथे शून्य झाला असंही नाही. आमची केबल ट्रेलरच्या बाजूने पिळून सुटते, आणि तांब्याची ती जाड केबल स्वस्त नसते. पण तांब्यासाठी केबल चोरणारा आणि हाताला लागलं म्हणून यंत्र उचलणारा, यांत दुसराच जास्त भेटतो असं माझं मत. पेडेस्टलला आता फक्त एक जुनी, मळकी केबल दिसते.

दोन्हींत एक कमतरता सारखीच आहे आणि विकणारे ती क्वचितच बोलतात. ईएमएस फेज तोडतं, अर्थिंगची तार तोडत नाही. पेडेस्टलच्या अर्थिंगमध्येच करंट उतरला असेल तर ट्रेलरचा पत्रा जिवंत होतो आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. म्हणून खिशात न टेकवता तपासणारा टेस्टर असावा. केबल लावली की दाराच्या कडीजवळ तो धरून बघायचा, मगच मुलांना खाली उतरवायचं. वादळ येताना दिसलं तर प्लग काढून ठेवणं हाच उपाय, ईएमएस कोणतंही असो.

अख्खा ट्रेलरच ओढून नेण्याबद्दल थोडक्यात: कपलर लॉक (ट्रेलरच्या जोडणीच्या तोंडाचं) आणि चाकाचं लॉक दोन्ही लावा. एकच घ्यायचं तर चाकाचं घ्या, ते लांबून दिसतं. ट्रॅकर जरूर लपवा, पण तो चोरी झाल्यानंतरचा उपाय आहे.

तर, आरव्ही भाड्याने घेत असाल किंवा वर्ष-दोन वर्षांत बदलायची असेल, तर सुटं घ्या आणि त्याला रोपापेक्षा ब्रॅकेटवरच बसणारं जाड कुलूप बघा. ५० अँपची जड केबल रोज हाताळून पाठ दुखत असेल तर तिच्या टोकाला आणखी एक जड यंत्र नको. आणि ट्रेलर स्वतःचा असेल, काही वर्षं ठेवणार असाल, घरात कुत्रा-मांजर असेल, तर मी आतलंच बसवायला सांगेन. टेक्निशियनची वेळ मात्र फेब्रुवारीतच घेऊन ठेवा. मेअखेरचा मेमोरियल डे जवळ आला की त्यांच्याकडे रांग लागते, आणि कमी व्होल्टेजचा हंगामही तिथूनच सुरू होतो.