टेलिकॉममध्ये अप्रेंटिस की थेट काँट्रॅक्टरकडे जॉब? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा मुलगा ईएनटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) डिप्लोमा करून बसलाय आणि त्याच्या हातात दोन ऑफर आहेत, एक ऐरोलीला अप्रेंटिस, दुसरी घोडबंदरला इंटरनेटच्या फायबर केबलची कामं घेणाऱ्या काँट्रॅक्टरकडे डायरेक्ट जॉब, आणि पैसे अर्थातच काँट्रॅक्टर जास्त देतोय. काकूंनी मला गाठलं कारण मी पहिलं केलंय आणि माझ्या मावसभावाने दुसरं, तेही एकाच वर्षी. म्हटलं त्यांना सांगितलं ते इथेच लिहून टाकते.

आधी पैसे, कारण घरातली चर्चा तिथूनच सुरू होते. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड ठरला तो असा, बारावी किंवा आयटीआयला महिना ७ हजार, डिप्लोमाला ८, डिग्रीला ९. कंपनी याच्या वर कितीही देऊ शकते, आणि ऑफर हातात आली की आजचा आकडा अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. यातला सरकारी वाटा सरळ खात्यात येतो, नॅप्स या सरकारी अप्रेंटिस योजनेत २५ टक्के पण जास्तीत जास्त १५००, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं नसेल तर महिनोन् महिने अडकतं, माझं अडकलं होतं. पीएफ कापत नाहीत कारण कायद्याने अप्रेंटिस हा कामगार धरलाच जात नाही, मात्र कामावर लागलं, पडलं तर नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो.

मावसभावाला पहिल्या महिन्यापासून १४ हजार. ऐकायला दुप्पट वाटतं ना? पण बाईक स्वतःची, पेट्रोल अर्धं स्वतःचं, पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही, पैसे कधी दहा तारखेला कधी वीस. मी मात्र ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलच्या पासवर जायचे, डबा घरचा, त्यामुळे महिनाअखेर आमच्या दोघांच्या खिशात फरक होता पण दुप्पट नव्हता. हे घर जवळ असेल तरच हं. बदलापूरहून येऊन किंवा घणसोलीत कॉट बेसिसवर राहून ८ हजारात भागत नाही, उगाच हिशोब जुळवत बसू नका.

आता काम काय शिकायला मिळतं. इथे मावसभाऊ जिंकतो आणि मला ते मान्य आहे. सहा महिन्यांत तो केबलमधल्या फायबरचे बारा रंग झोपेत म्हणायचा, निळा नारिंगी हिरवा तपकिरी राखाडी पांढरा लाल काळा पिवळा जांभळा गुलाबी ॲक्वा, ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड शोधणारं मशीन) लावून कट किती मीटरवर आहे ते काढायचा आणि घोडबंदर रोडला जेसीबीने केबल उचकटली की भर पावसात छत्री धरून क्लोजर, म्हणजे फायबरच्या जोडांचा डबा, उघडून बसायचा. जोडावर ०.१ डीबीच्या वर लॉस (सिग्नलची गळती) दिसला तर स्वतःच तोडून परत स्प्लाइस मारायचा, म्हणजे फायबर जोडायचा, कारण गिऱ्हाईकाच्या बॉक्सवर लाल लाईट लागला की शिव्या त्यालाच. हा हात कुठल्या क्लासमध्ये येत नाही.

मी एनओसीमध्ये होते, म्हणजे जिथे बसून सगळ्या नेटवर्कवर नजर ठेवतात तिथे. एसी, मोठ्या स्क्रीन, अलार्म आला की तिकीट काढायचं (बिघाडाची नोंद), फील्डवाल्याला फोन, नंतर आरसीए, म्हणजे बिघाड कशाने झाला त्याचा रिपोर्ट, लिहायचा. पहिले दोन महिने तर एक्सेल आणि झेरॉक्सच चाललं होतं, शेवटी मीच सीनियरच्या मागे लागले की मला राऊटरचं कॉन्फिगरेशन दाखवा. नेटवर्क वरून कसं दिसतं, एक लिंक पडली की ट्रॅफिक कुठून वळतं, हे मात्र तिथेच कळलं, मावसभावाला आजही त्याच्या पोलच्या पलीकडे काय आहे ते माहीत नाही (हे वाचून तो चिडणार). ओव्हरटाइम अप्रेंटिसला ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही, त्यामुळे मी वेळेत घरी, तो रात्री दोनला घोडबंदरला.

तरी मी अप्रेंटिसच आधी करा म्हणते, त्याचं कारण वेगळंच आहे आणि ते मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांच्या नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेच्या जाहिराती नीट वाचा, त्यात बहुतेक वेळा अट असते की पास होऊन पाच वर्षांच्या आतला पाहिजे आणि एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असलेला चालणार नाही. म्हणजे काँट्रॅक्टरकडे वर्षभर राहिलात तर हा दरवाजा बंद. उलटं तसं नाही, अप्रेंटिस संपवून काँट्रॅक्टरकडे गेलात तर तो हसत घेतो, स्प्लायसिंग मशीन पंचविशीतही शिकता येतं. मावसभावाने दीड वर्षाने अर्ज करायचा ठरवला तेव्हा अनुभव आहे म्हणून अप्रेंटिसला चालेना, आणि कागद नाही म्हणून तोच अनुभव नोकरीला चालेना.

आयटीआयवाल्यांसाठी अजून एक, ट्रेडची अप्रेंटिसशिप करून ऑल इंडिया ट्रेड टेस्ट पास झालात की राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं, आणि रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. टेलिकॉम कंपनीतल्या अप्रेंटिसला त्याचा उपयोग नाही, दोन्हीत गल्लत करू नका, आमच्या ओळखीत एकाने केली.

अप्रेंटिस संपल्यावर कंपनी घेईलच असं नाही. कायद्याने सक्ती नाही, कंपनीने आपली पॉलिसी स्वतः ठरवायची. आमच्या बॅचमधल्या अकरा जणांपैकी तिघांना घेतलं, मी त्यात नव्हते, मला पुढे महापेच्या डेटा सेंटरमध्ये लागलं आणि तिथे इंटरव्ह्यूला माझं अप्रेंटिसचं सर्टिफिकेट बघितलं गेलं.

सही करायच्या आधी एकच बघा, अप्रेंटिसशिपचं काँट्रॅक्ट पोर्टलवर चढलंय का आणि त्याचा नंबर तुम्हाला दिलाय का. नुसतं लेटरहेडवर 'ट्रेनी' लिहिलेलं असेल तर ती अप्रेंटिसशिप नाही, ते स्वस्तात माणूस मिळवणं आहे. आणि रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट असलं काही मागितलं तर उठून या, पोर्टलवर नाव नोंदवायला एक रुपया लागत नाही.

थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगचं विचाराल तर फी झेपत असेल आणि अभ्यासाला बसवत असेल तर ते करा, मग हे सगळं तीन वर्षांनी डिग्रीवर परत बघता येईल.

काकूंच्या मुलाचा ऐरोलीचा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे. काकू विचारत होत्या टाय लागेल का. नाही लागत, पण शूज घालून जा रे बाबा, आम्हाला चपलेत सर्व्हर रूममध्ये पाऊल टाकू देत नव्हते.