गोलकीपरसाठी घेतलेलं हेडगार्ड: दिसतं पेटर चेकच्या टोपीसारखं, पण त्याचा उपयोग काय ते आधी वाचा

भाच्यासाठी मागवलं हे. पोरगं गोलमध्ये उभं राहतं आणि यूट्यूबवर जुन्या क्लिपा बघून बघून पेटर चेक (इंग्लंडच्या चेल्सी क्लबचा जुना गोलकीपर) त्याच्या डोक्यात बसलाय, त्यामुळे तो घालायचा ती काळी टोपी हवीच असा हट्ट. मागवलंय ते रग्बीचंच हेडगार्ड, फुटबॉलचं वेगळं येतं पण आमच्या कोल्हापुरात दुकानात विचारलं की हेल्मेट दाखवतात.

वस्तू म्हणून बरीच चांगली आहे. एकदम हलकी, कानाजवळ भोकं आहेत त्यामुळे डिफेंडरची हाक ऐकू येते, मागे लेस आणि हनुवटीखाली वेल्क्रोचा पट्टा, डाइव्ह मारली तरी जागची हलत नाही. त्रास एकच, घाम. एप्रिलच्या उन्हात हाफटाइमला काढली की पिळून घ्यावी लागते आणि तशीच किटबॅगेत कोंबली तर दुसऱ्या दिवशी बॅग उघडायची हिंमत होत नाही. हातानेच धुवा, सावलीत वाळवा.

आता मुद्द्याचं. ऑनलाइन दुकानात लिहिलेलं असतं "डोक्याला संपूर्ण सुरक्षा" वगैरे. तसं काही नाही हो. रग्बीच्या नियमानुसार यातलं पॅडिंग जास्तीत जास्त १ सेंटिमीटर जाड, तेही मऊ फोमचं. खरचटणं, कातडी फाटणं, कान सोलवटणं यातनं वाचतं, पण जोरात धडक बसून मेंदू आतल्या आत हलतो ते हा फोम थांबवू शकत नाही. त्यामुळे पोरगं धडकेनंतर गरगरलं, स्कोअर विचारल्यावर भलतंच सांगायला लागलं तर टोपी आहे ना म्हणून परत आत पाठवू नका, सरळ बाहेर काढा आणि डॉक्टर गाठा.

मग चेक का घालायचा? त्याची गोष्ट वेगळी होती आणि क्लिपा बघणाऱ्या पोरांना तीच माहीत नसते. १४ ऑक्टोबर २००६, रेडिंगच्या मैदानावर मॅच सुरू होऊन मिनिटभरही झालं नव्हतं, बॉल धरायला खाली गेला आणि स्टीफन हंटचा गुडघा डोक्यात बसला. कवटी फ्रॅक्चर, हाड आत दबलेलं, ऑपरेशन करावं लागलं. त्याच मॅचमध्ये त्याच्या जागी आलेला कुडिचिनीपण बेशुद्ध पडला आणि शेवटी डिफेंडर जॉन टेरी ग्लोव्हज घालून गोलमध्ये, तरी चेल्सी १-० जिंकली! तर ती टोपी होती ऑपरेशन झालेल्या जागेला जपायला. २० जानेवारी २००७ ला लिव्हरपूलविरुद्ध तो ती घालून परत उतरला, मॅच २-० नी हरले, पण मार्चमध्ये प्रीमियर लीगचा प्लेअर ऑफ द मंथ हाच. मला त्या टोपीपेक्षा याचंच जास्त वाटतं, कवटी फुटल्यावर काही महिन्यांत गडी परत फॉरवर्डच्या पायात डोकं घालत होता.

भाच्याला मी २०१२ ची म्युनिकची चॅम्पियन्स लीग फायनल, चेल्सी विरुद्ध बायर्न, पूर्ण बघायला लावली, नुसती क्लिप नाही. बायर्नच्याच मैदानावर, एक्स्ट्रा टाइममध्ये रॉबेनची पेनल्टी अडवली, मग शूटआउटमध्ये ओलिचची अडवली, श्वाइनश्टायगरच्या पेनल्टीला बोट लावून ती पोस्टवर घालवली. एकूण सहा पेनल्ट्या आणि सहाही वेळा पठ्ठ्या बरोबर बाजूला पडला. बायर्नच्या जुन्या पेनल्ट्यांचे व्हिडिओ बघून आला होता तो. टोपी घातली की हे आपोआप येत नाही, हे भाच्याला आता थोडंफार पटलंय असं वाटतं (टोपी काढायला मात्र तयार नाही, घरात टीव्ही बघतानापण डोक्यावर).

बाकी रेकॉर्ड सगळ्यांना माहीतच आहेत. २००४-०५ ला चेल्सीनी अख्ख्या लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले, चेकच्या नावावर प्रीमियर लीगच्या २०२ क्लीन शीट (म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच). मग आर्सेनल क्लबकडे गेला, आणि २०१९ ला बाकूमध्ये युरोपा लीगची फायनल ही त्याची शेवटची मॅच, तीपण चेल्सीविरुद्धच, ४-१ नी हरला. तिथेही टोपी होतीच. रिटायर झाल्यावर हा माणूस घरी बसला का, तर नाही, आइस हॉकीत गोलकीपर झाला गिल्डफर्डच्या टीमकडून, आणि पहिल्याच मॅचमध्ये शूटआउटला दोन पेनल्ट्या अडवल्या. तिथे निदान पूर्ण मास्क तरी मिळतो.

तर घ्यावं का? पोरगं पायात घुसून बॉल काढत असेल, आधी भुवईला वगैरे टाके पडले असतील तर घ्या, भीती कमी होते एवढं नक्की. डोक्याला आधी मोठा मार लागलेला असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग खरेदी. साइझ घेताना कपाळावरनं टेपनी माप घ्या, वयावरनं घेऊ नका, आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या, फोम वापरून थोडा सैल पडतो. पाचपैकी साडेतीन स्टार, घाम नसता तर चार दिले असते.