साळीला सिलिकॉन: राख, दाणेदार आणि बाटली, एका खरिपाच्या वापरानंतर

रोपवाटिकेपासून मळणीपर्यंत तिन्ही प्रकार वापरल्यावरचं मत आधीच सांगून टाकतो. तुसाची राख, फक्त रंग बघून, बिनधास्त घ्या. दाणेदार कॅल्शियम सिलिकेट जमीन बघून घ्या. फवारणीची बाटली घ्यायचीच असेल तर खत समजून घेऊ नका.

हे मत नांदेड जिल्ह्यातल्या किनवट, बिलोली, देगलूर, धर्माबाद पट्ट्यातल्या चिखलणीच्या साळीसाठी आहे. परभणीकडच्या पेरसाळीचं (चिखलणी न करता थेट पेरलेल्या साळीचं) गणित वेगळं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी साळीची भूक किती ते बघा. एकरी 20 क्विंटल साळ काढायची तर पीक जमिनीतून 90 किलो ते पावणेदोन क्विंटल सिलिकॉन उचलतं. नत्रापेक्षा दुपटीहून जास्त. त्यातलं बहुतेक पेंढ्यात आणि तुसात जातं, तांदळात जवळजवळ काहीच नाही. आता बाटलीचा हिशेब करा. 2 टक्के सिलिसिक आम्ल, लिटरला 2 मिली, एकरी 200 लिटर पाणी. म्हणजे 400 मिली औषध, त्यात 8 ग्रॅम सिलिसिक आम्ल आणि निव्वळ सिलिकॉन 3 ग्रॅमपेक्षा कमी. 3 फवारण्या केल्या तरी 10 ग्रॅम भरत नाही. फवारणीनंतर पानात काही फरक दिसला तरी तो पोट भरल्याचा नव्हे. दुकानदार पानातला फरक आणि पिकाचं पोट भरणं, दोन्ही एकाच दमात विकतो, तिथं फसू नका.

दुकानात आणखी एक घोळ असतो. ‘सिलिकॉनवालं द्या’ म्हटलं की पुष्कळदा स्टिकर हातात येतं. ते पानावर औषध पसरवायचं रसायन, पिकाला त्यातून सिलिकॉन मिळत नाही. पोत्यावर ‘एकूण सिलिका’ मोठ्या अक्षरात असेल तर तेही बघून घ्या, कारण वाळूही सिलिकाच आहे. कामाचा आकडा विद्राव्य सिलिकाचा. सिलिकाच्या आकड्याला 0.467 ने गुणलं की सिलिकॉन निघतं.

राख वापरताना तिचा रंग बघायचा. काळपट करडी, अर्धवट जळालेली राख चांगली. पांढरी किंवा गुलाबीसर, भट्टीत खूप तापलेली राख टाळा. साधारण 700 अंशांच्या वर तुसातली सिलिका स्फटिक बनायला लागते आणि मग ती पाण्यात विरघळायचं नाव घेत नाही. तेलंगणातल्या निजामाबादकडच्या उकड्या तांदळाच्या गिरण्यांत बॉयलरला तूसच जाळतात. तिथून राख आणायची तर ढिगाच्या कडेची काळी उचला. प्रमाण रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते 1 किलो, म्हणजे गुंठ्याला 50 ते 100 किलो. बी टाकायच्या आधी वरच्या 5 ते 7 सेंटिमीटर मातीत मिसळून घ्यायची. कोकणात डॉ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीचं पहिलं सूत्र हेच आहे: साळीचे अवशेष साळीलाच परत द्या.

इथं हमखास दोन चुका होतात. पहिली म्हणजे राख कोरडी फेकणं. ती वाऱ्यावर उडते, नाका-छातीत जाते आणि पाणी सोडलं की तरंगत बांधाच्या कोपऱ्यात गोळा होते. आधी पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला फडकं बांधा आणि मातीत मिसळल्यावरच पाणी सोडा. दुसरी चूक युरिया आणि राख एका दिवशी टाकण्याची. राख अल्कधर्मी असल्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडतो. मध्ये 8-10 दिवस जाऊ द्या.

चांगली राख मिळालेल्या वाफ्यातलं रोप उपटताना हाताला कळतं. खोड चरचरीत लागतं, पान टोकाकडून खाली चोळलं तर बोटाला खरखर जास्त जाणवते. लावणीनंतर पान उभं राहतं, खालच्या पानांपर्यंत ऊन पोचतं. तपकिरी ठिपके आणि करपा कमी राहतो, कारण पानाच्या सालीखाली सिलिकाचा थर बसतो. खोडकिड्याच्या अळीलाही ते खोड कोरणं जड जातं. सीमेपलीकडून येणाऱ्या बीपीटी 5204 सारख्या करप्याला बळी पडणाऱ्या वाणावर, त्यातही युरिया सढळ पडला असेल तर, हा फरक जास्त दिसतो. युरिया मोजून दिलेला असेल आणि पीक निरोगी असेल तर शेजारच्या बांधीशी तुलना करून फारसं काही हाती लागत नाही. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही.

दाणेदार कॅल्शियम सिलिकेट एकरी 50 ते 80 किलो, शेवटच्या चिखलणीला. किनवटच्या डोंगरउतारावरच्या हलक्या, धुपलेल्या जमिनीत पैसे वसूल होण्याची शक्यता आहे. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत मात्र हात आखडता घ्या. बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीत मुळातच सिलिकॉनचा साठा बरा असतो. शिवाय चुनखडी आणि 8 च्या वरचा सामू (पीएच) असला की दाणा हळू विरघळतो, आणि विरघळलेलंही मातीचे कण धरून ठेवतात. पाणी साचवून ठेवलं तर सामू थोडा उतरतो आणि पुरवठा सुधारतो. अंदाज नको असेल तर कापणीला पेंढा तपासून घ्या. त्यात सिलिकॉन 5 टक्क्यांपेक्षा कमी निघालं तर कमतरता आहे असं धरायचं. मातीच्या तपासणीत मर्यादा किलोमागे 40 मिलिग्रॅम धरतात, पण आधी दाणेदार टाकलेल्या शेतात ती तपासणी फुगीर आकडा दाखवते.

‘सिलिकॉनने स्फुरद सुटतो’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकावर असतं. चुनखडीत अडकलेला स्फुरद यानं मोकळा होत नाही. होतं ते असं की पीक लोह-मँगनीज कमी उचलतं, त्यामुळे आत गेलेला स्फुरद जास्त कामी येतो. म्हणून डीएपी (स्फुरदाचं खत) कमी करू नका. जस्ताचंही तसंच: लावणीनंतर पानांवर तांबूस डाग येऊन वाढ खुंटली तर एकरी 10 किलो झिंक सल्फेटच लागतं. कालव्याच्या पाण्यानं खारवट झालेल्या तुकड्यात मात्र सिलिकॉनचा उपयोग आहे, मुळातून सोडियम कमी चढतो.

पेरसाळीत कोवळी पानं पिवळी, पुढे पांढरी पडतात ती लोहाच्या कमतरतेने. प्रभावतीसारखी वाणं परभणीच्या विद्यापीठाला काढावी लागली ती अशा चुनखडीच्या जमिनींसाठी. तिथं सिलिकॉनची बाटली ओतणं म्हणजे तहानलेल्याला भाकरी देणं. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल, आठवड्याच्या अंतराने 2-3 वेळा, पीक हिरवं होईपर्यंत.

तरीही बाटली फवारायचीच असेल तर पोटरी सुटायच्या आधी फवारा. साळीची सिलिकॉनची मोठी गरज याच काळात असते आणि जुन्या पानात बसलेलं सिलिकॉन नव्या पानाकडे सरकत नाही. पोटॅशियम सिलिकेट तीव्र अल्कधर्मी असतं, ते फेरस सल्फेट, कॅल्शियम किंवा आम्लधर्मी कीटकनाशकात मिसळलं की टाकीत जेलीसारखा गोळा होतो. जाळी आणि नोझल बंद पडलं तर ते वाळायच्या आत धुवा. वाळल्यावर काच बसल्यासारखं होतं, मग नोझल बदलण्याशिवाय इलाज नाही.

पेंढ्याचं काय? सिलिका वाढली की तो पचायला आणखी जड होतो. कडब्याची सवय लागलेली जनावरं तशीही त्याला तोंड लावत नाहीत. एकरी 8 क्विंटल पेंढा तुकडे करून पहिल्या नांगरटीला गाडा, चिखलणीच्या महिनाभर आधी. ऐनवेळी गाडला तर कुजताना नत्र ओढतो आणि रोपं पिवळी पडतात.