जाइल्स-अ‍ॅथर्टनमध्ये स्ट्रेस घातल्यावर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

जाइल्स-अ‍ॅथर्टन म्हणजे हिस्टेरेसिसचं, म्हणजे लोखंडासारख्या पदार्थाचं चुंबकन क्षेत्राच्या मागे रेंगाळत लूप कसा काढतं याचं, गणिती मॉडेल. त्याचे पाच पॅरामीटर कोणते, त्यातला लॅन्जेव्हिन वक्र कसला, हे इथे सांगत बसत नाही. स्ट्रेस (पदार्थाला खेचणारं किंवा दाबणारं बळ, दर क्षेत्रफळाला) नसेल तर हे मॉडेल गुणी आहे. लूपच्या टोकाशी उतार अधूनमधून ऋण होतो, तिथे चुंबकनातल्या बदलाचा अपरिवर्तनीय (मागे न फिरणारा) भाग शून्य करायचा. छोटे लूप नीट मिटत नाहीत, तेही सोसता येतं.

लिहायला बसलो ते सॉल्व्हरने (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने) मान टाकली म्हणून. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रेससाठी तयार ब्लॉक मिळतो. त्यात ५० मेगापास्कल ताण, म्हणजे खेचणारा स्ट्रेस, दिला की उत्तर इकडून तिकडे उड्या मारतं. हेल्पडेस्क म्हणालं, मेश (गणितासाठी वस्तूचे पाडलेले तुकडे) बारीक करा. केला, रात्रभर चालवला, तेच. मग टाइम-स्टेप कमी करा. मग म्हणे, वरच्या लायसन्समध्ये हा त्रास होत नाही! इथे डोकं फिरलं आणि कागद ओढला.

या मॉडेलमध्ये स्ट्रेस शिरतो तो एकाच पदातून. परिणामी क्षेत्रात (पदार्थाला आतून प्रत्यक्ष जाणवणाऱ्या क्षेत्रात) स्ट्रेसची दीडपट, भागिले म्यू-शून्य (निर्वाताची चुंबकीय पार्यता), गुणिले चुंबकनाबरोबर मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकनाने होणारा लांबीतला बदल) ज्या दराने बदलतं तो दर. मॅग्नेटोस्ट्रिक्शन चुंबकनाच्या दुसऱ्या आणि चौथ्या घातात मांडतात, त्यामुळे वर्गाचा गुणक गॅमा-१ सरळ अल्फात (चुंबकन स्वतःच परिणामी क्षेत्रात किती भर घालतं तो पॅरामीटर) मिसळतो. माझे लोखंडाचे आकडे: गॅमा-१ ७ × १०⁻¹⁸, अल्फा ०.००१, ‘ए’ (लॅन्जेव्हिन वक्र किती पसरट ते ठरवणारा पॅरामीटर) १००० अँपिअर प्रति मीटर. ५० मेगापास्कलला अल्फात ०.०००८४ ची भर पडते, म्हणजे जवळपास दुप्पट. आता अल्फा गुणिले संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त शक्य, चुंबकन (१७ लाख अँपिअर प्रति मीटर) भागिले ३ ही रक्कम ‘ए’पेक्षा कमी राहायला हवी. इथे ती १०४० होते. म्हणजे एकाच क्षेत्राला अनहिस्टेरेटिक वक्राची (रेंगाळणं नसतं तर मिळणाऱ्या वक्राची) एकाहून जास्त उत्तरं. अंदाज सुधारत उत्तराकडे जाणाऱ्या सॉल्व्हरमधल्या बिचाऱ्या न्यूटन पद्धतीने कुठलं धरावं? मेशचा यात काडीचा संबंध नाही.

खोट एवढीच की ब्लॉकवाल्यांनी गॅमा-१ स्थिर धरलाय. तो स्ट्रेसबरोबर बदलतो. माझ्या आकड्यांत ताणाच्या दर मेगापास्कलला ०.१ × १०⁻¹⁸ ने घटतो. ५० ला उरतात २, अल्फातली भर ०.०००२४, सॉल्व्हर शांत. एक ओळ वाचवली त्यांनी, एक!

इथे मॉडेलवरचा राग उतरला आणि ब्लॉकवरचा वाढला. कारण तीच ओळ दाबाकडे, म्हणजे ऋण स्ट्रेसकडे, लावून पाहिली. उणे ५० ला गॅमा-१ होतो १२ आणि अल्फातून ०.००१४ वजा होतात. त्याच मापाच्या ताणाच्या सहापट परिणाम, तोही उलट्या दिशेने. दाबाने इलेक्ट्रिकल स्टील (मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं पोलाद) चुंबकीय दृष्ट्या जेवढं बिघडतं तेवढं ताणाने सुधारत नाही, हे मोजमापांतून जुनंच माहीत आहे. मॉडेलला ते वेगळं शिकवावं लागलं नाही. ताणाचा फायदाही ३५ मेगापास्कलला कळस गाठून उतरणीला लागतो. आणि १८६५ मधला व्हिलारीचा उलटा फेर, म्हणजे कमी क्षेत्रात ताणाची मदत आणि जास्त क्षेत्रात अडथळा, चौथ्या घाताच्या ऋण गुणकातून आपोआप निघतो. तो स्क्रीनवर पहिल्यांदा उमटला तेव्हा, खरं सांगतो, खुर्चीतून उठलो.

तक्रारी संपल्या असं नाही. ७० मेगापास्कलला हाच गॅमा-१ शून्य होतो. त्यापुढे सरळ रेषेवर फार विसंबू नका. स्ट्रेस एकाच अक्षावर धरला जातो, त्यामुळे आवळून बसवलेल्या स्टेटरसारख्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागासारख्या) ठिकाणी, जिथे दोन दिशांना वेगवेगळे स्ट्रेस असतात, हे तोकडं पडतं. तिथे स्फटिकांपासून वर येणारी बहुस्तरीय मॉडेलं बरी, पण त्यांना धातूच्या पोताची, म्हणजे स्फटिक कुठल्या दिशांना वळलेत त्याची, माहिती लागते. निकेलला हे आकडे चुकूनही लावू नका, त्याचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन मुळातच ऋण.

वरच्या लायसन्सचे पैसे मी दिले नाहीत. ते नमुना खेचून आणि दाबून मॅग्नेटोस्ट्रिक्शनचे वक्र मोजून घेण्यात घाला. शून्य स्ट्रेसच्या एकट्या वक्रातून गॅमा कसा बदलतो ते कळत नाही.