रक्त छान काढलं, हिशेब मात्र माझ्या गळ्यात

लॅबच्या काउंटरवर चिठ्ठी दिली तर मुलगा म्हणाला, "एचबीए१सी ना? शुगरची." नाही रे बाबा, एसएचबीजी. कॉम्प्युटरमध्ये त्याला सापडेना, तेव्हा आतून कुणीतरी पूर्ण नाव ओरडून सांगितलं, सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन. समोरच्या काकांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला.

माझं दुखणं असं, की पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी हॉर्मोन, मात्र दर वेळी नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो एकूण आकडा. त्यातलं बरंचसं एसएचबीजीने घट्ट धरून ठेवलेलं असतं. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि ते कमी पडलं की एकूण आकडा तेवढाच राहूनही मोकळं हॉर्मोन वाढतं. मोकळं म्हणजे किती, तर जेमतेम एक-दोन टक्के! एवढ्याशाने माझ्या हनुवटीची ही दशा.

रक्त काढणाऱ्या ताईंना पाचपैकी पाच. माझी शीर भल्याभल्यांना सापडत नाही. यांनी दोन्ही हात चाचपले, डावा निवडला आणि एका टोचण्यात नळी भरली.

पण विचारलं कुणी काहीच नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? (त्यांनी एसएचबीजी चढतं, मग मूळचं कमी असलं तरी कळणार कसं?) थायरॉइड आहे का? केसांसाठी बायोटिन घेता का? मी घेत होते की! डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूलाच ठेवला. काही यंत्रांवर बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे एसएचबीजी खोटंच कमी दिसतं आणि टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त. दोन्ही चुका नेमक्या एकाच बाजूला ओढणाऱ्या. बायोटिन आठवडाभर बंद, मग पुन्हा तीच खुर्ची, तीच सुई. काउंटरवरच एक प्रश्न विचारला असता तर ही दुसरी फेरी वाचली असती.

दुसरा रिपोर्ट वेळेत आला. टेस्टोस्टेरॉन ४८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, एसएचबीजी १८ नॅनोमोल प्रति लिटर. एकाच कागदावर दोन वेगळी मापं! फ्री अँड्रोजन इंडेक्स, म्हणजे मोकळ्या हॉर्मोनचा अंदाज देणारा आकडा, काढायचा तर दोन्ही नॅनोमोलमध्ये हवीत. शेवटी रिपोर्टच्या पाठीवर मीच पेन्सिल चालवली. ४८ भागिले २८.८५, आले १.६६. त्याला १८ने भागून शंभरने गुणलं, सव्वानऊ. बायकांमध्ये पाचच्या वर गेला की डॉक्टर पीसीओएसच्या (पाळी आणि हॉर्मोन बिघडवणाऱ्या पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या) दिशेने बघू लागतात. हा भागाकार यंत्राला जड जातो का? खाली ठळक अक्षरांत मात्र 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. अहो, त्यांनीच तर पाठवलंय! रिपोर्टला दोन तारे, तेही वेळ पाळली म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि पुढची चिठ्ठी लिहिली. इन्शुलिन वाढलेलं असलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं, म्हणून आता साखर बघायची आहे. एचबीए१सी. काउंटरवरच्या मुलाला या वेळी शोधावं लागणार नाही.