इंटेल की एएमडी: त्रुटीतून सावरण्याची क्षमता लिनक्स कशी ओळखतो

मोठ्या मेमरीच्या डेटाबेससाठी सर्व्हर निवडताना, दुरुस्त न होणारी मेमरी त्रुटी आली तर एकच प्रोसेस मरेल की संपूर्ण यंत्र बंद पडेल, हे खरेदीपूर्वी समजून घ्यायला हवे. लिनक्स कर्नल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, सुरू होतानाच प्रोसेसरकडे याची चौकशी करतो. मात्र इंटेल आणि एएमडी यांनी उत्तर वेगवेगळ्या जागी ठेवले आहे.

एएमडीचे उत्तर वाचायला सोपे आहे. प्रोसेसरच्या सोयी सांगणाऱ्या सीपीयूआयडी सूचनेला हेक्स ८००००००७ हा क्रमांक दिला की ईबीएक्स रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या साठवणजागेत) बिट ० ओव्हरफ्लो रिकव्हरी, बिट १ सकॉर (दुरुस्त न झालेली त्रुटी सॉफ्टवेअरने आवरून सावरण्याची सोय) आणि बिट ३ स्केलेबल एमसीए (हार्डवेअर त्रुटी नोंदवण्याची एएमडीची विस्तारित रचना) दाखवतो. हीच नावे लिनक्समधील प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये फ्लॅग म्हणून दिसतात, त्यामुळे रूट परवानगीशिवायही पडताळणी होते. यांतील पहिले दोन बिट निर्णायक आहेत. दुरुस्त न झालेल्या त्रुटीवर सकॉर नसेल तर कर्नल थेट पॅनिक करतो, म्हणजे संपूर्ण यंत्र थांबवतो. एका त्रुटीची नोंद वाचण्यापूर्वीच दुसरी येऊन ओव्हरफ्लो झाला असेल आणि त्यातून सावरण्याची सोय नसेल, तरीही परिणाम तोच होतो.

इंटेलमध्ये अधिक खोलात जावे लागते. सावरण्याच्या क्षमतेचा बिट सीपीयूइन्फोमध्ये येत नाही. तो हेक्स १७९ क्रमांकाच्या मॉडेल-स्पेसिफिक रजिस्टरात २४ व्या स्थानी असतो आणि रूट होऊन आरडीएमएसआर या साधनाने वाचावा लागतो. त्याच रजिस्टरातील २७ वा बिट लोकल मशीन चेकचा, म्हणजे हार्डवेअर त्रुटीची सूचना (मशीन चेक) फक्त संबंधित कोरला देण्याच्या सोयीचा आहे. ही सोय चालू नसेल तर इंटेल प्रोसेसर मशीन चेक सर्व कोरना कळवतो आणि सगळे एकमेकांची वाट पाहत थांबतात; एएमडीमध्ये तो संबंधित कोरपुरताच राहतो. शिवाय २७ वा बिट असणे पुरेसे नाही. हेक्स ३ए रजिस्टरात फर्मवेअरने (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरने) २० वा बिट चालू करून ते रजिस्टर कुलूपबंद केलेले नसेल, तर लिनक्स ही सोय वापरत नाही. म्हणून इंटेल सर्व्हर घेताना विक्रेत्याकडून फर्मवेअरमधील ही मांडणी लेखी मागून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

बसवलेली अनेक यंत्रे वारंवार तपासायची असतील तर माझा कल एएमडीकडे आहे. इंटेल आधीच ठरले असेल तर मात्र वरील तिन्ही बिटांची तपासणी स्वीकृती चाचणीत घालावी. व्हर्च्युअल मशीनच्या आतून केलेली तपासणी ग्राह्य धरू नये, कारण तिथे हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) जे दाखवतो तेवढेच दिसते. दोन्हीकडे कर्नल मेमरी फेल्युअर हा पर्याय चालू ठेवून बांधलेला असावा. नाहीतर बिघडलेले पेज (मेमरीचा तुकडा) बाजूला काढून ते वापरणाऱ्या प्रोसेसला सिगबस हा त्रुटीचा संकेत पाठवणारा कोडच कर्नलमध्ये नसतो.